छोट्या गाडीच्या चोवीस खिडक्या : कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात (सुपारी-मसाल्यांच्या बागेत) पाहुण्यांना फिरवणारी छोटी गाडी आहे. रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर. माथेरानच्या गाडीचे असतात तेवढेच. तीन डबे, प्रत्येक डब्याला आठ खिडक्या. आज मालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "भाऊ, मिरीच्या वेलीपाशी गाइड काय सांगतो ते पाहुण्यांना ऐकूच येत नाही. खिडक्याच जास्त बोलतात."

एक फेरी मारली. खरं आहे त्यांचं. डब्यांना घराच्या बाल्कनीला लावतात तशा सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवलेल्या आहेत. अशा खिडकीत वरच्या अंगाला मोकळी जागा ठेवावीच लागते, कारण पल्ला, म्हणजे खिडकीचा सरकणारा भाग, आधी वर घालून मग खालच्या पट्टीवर उतरवायचा असतो. घर हलत नाही, त्यामुळे ती जागा गप्प राहते. डब्यात तीच जागा वाजते.

मालकांना लाकडी पल्ले हवेत, वर सरकणारे, जुन्या डब्यांसारखे. मी होकार दिला. मे अखेर काम पुरं करतो म्हणालो. ही तारीख किती चुकली ते पुढे येईलच.

१५ फेब्रुवारी

भाच्याला घेऊन गेलो. दिवसभर फक्त ऐकलं. एकाने खिडकीचा एक भाग हाताने दाबून धरायचा, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. खडखड एकच वाटते, पण ती चार ठिकाणांहून येते: पल्ला खोबणीत हलतो त्याची, काच पल्ल्यात हलते त्याची, कडीची, आणि खिडकीचा काही संबंध नसताना बाहेरच्या पत्र्याची. पहिल्या डब्याच्या तीन नंबरच्या खिडकीवर आम्ही दीड तास घालवला आणि शेवटी आवाज निघाला खालच्या पत्र्याच्या सैल रिव्हेटचा. चार पॉप रिव्हेट मारले, तिथला आवाज गेला.

कुणी हे काम करणार असेल तर खिडकीला हात लावण्याआधी पत्रे, बाकांचे बोल्ट आणि दाराच्या कड्या आवळून घ्या. नाहीतर नवी खिडकी उगाच बदनाम होते.

१८ फेब्रुवारी

मडगावहून कुळ्यापर्यंत जनरल डब्यातून जाऊन आलो, केवळ खिडक्यांसाठी. चांदर, सावर्डे, काले करत गाडी घाटाच्या पायथ्याशी येते. तिथून वर कॅसलरॉकपर्यंत १ ला ३७ चा चढ आहे. मी कुळ्यालाच उतरलो.

जुन्या आयसीएफ (चेन्नईचा रेल्वे डब्यांचा कारखाना) पद्धतीच्या डब्यात काचेचा एक पल्ला आणि पट्ट्यांचा एक पल्ला, दोन्ही उभ्या खोबणीत वरखाली होतात. पल्ला पूर्ण खाली टेकलेला असला की फारसा वाजत नाही, कारण त्याचं वजन त्याला धरून ठेवतं. अर्ध्यावर कडीत अडकवला की वाजायला लागतो. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्राची घडी करून पल्ल्याच्या एका बाजूला खुपसली आणि खिडकी गप्प झाली. त्यांनी दोन्ही बाजूंना घडी घातली नव्हती, एकाच बाजूला घातली. तेव्हा माझं त्याकडे नीट लक्ष गेलं नाही. जूनमध्ये आठवलं.

एसी डब्यांतल्या खिडक्या बंद, जागेवर पक्क्या केलेल्या. तिथे सरकणारं काही नसल्याने हा प्रश्नच येत नाही. आम्हाला मात्र कुळागराची हवा आत यायला हवी.

२४ फेब्रुवारी

मापं घेतली. पहिला डबा शेडमध्ये, चाकांवरून उचलून लाकडी ठोकळ्यांच्या थप्पीवर ठेवलेला होता. आठही चौकटींचे कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे असले की चौकट काटकोनात असते. फरक १ मिलिमीटरच्या आत. खूश झालो. दुसरा आणि तिसरा डबा "तसेच असणार" म्हणून मोजले नाहीत. या कामातला हा सगळ्यात महागडा आळस होता.

५ मार्च

पहिला पल्ला तयार. सागवान, बाहेरून ६०० रुंद, ५०० उंच. उभ्या आणि आडव्या पट्ट्या ६० रुंद, २२ जाड. कोपऱ्यांना साल-कुसू, म्हणजे एका पट्टीतल्या भोकात दुसरीचं टोक बसवलेला सांधा. बाजूला अ‍ॅल्युमिनियमची उभी खोबण. वाजू नये म्हणून अगदी बेताचा बसवला, दोन्ही बाजू मिळून जेमतेम १ मिलिमीटर मोकळीक. रंधा मारून मारून बसवला. हाताने वर ढकलला की लोण्यासारखा सरकत होता आणि हलवला तर जरासुद्धा आवाज नाही. मालक बघून गेले, त्यांनाही आवडला. बाकीचे सात याच मापाने कापायला घेतले.

सागवान एकदम घेतलं, ४ घनफूट, २१,६०० रुपये. फळ्या निवडताना गाठी आणि चिरा बघितल्या. फळीच्या तोंडाला वर्तुळं कशी पडली आहेत ते बघितलं नाही.

२१ मार्च

काच. ५ मिलिमीटर, टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली. पहिल्या डब्याच्या आठ काचा मागवल्या, ५०० बाय ४००, कारण पल्ल्यातली खाच तेवढीच होती. आल्या तेव्हा कळलं की मी रबरासाठी जागाच सोडलेली नाही. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, घासताही येत नाही. कडेला धक्का लागला तरी सगळी फुटते.

एक तशीच, रबर न घालता बसवून पाहिली. कोपऱ्यात लाकूड टेकत होतं. स्क्रू आवळताना फुटली, डाळीएवढे तुकडे शेडभर. कुणाला लागलं नाही. डोळ्यांवर चष्मा होता आणि हातमोजे होते म्हणून. हे दोन्ही घातल्याशिवाय काचेला हात लावू नये.

उरलेल्या सात काचांचे सुमारे १,७०० रुपये गेले असं समजून बसलो होतो. संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, काच कापता येत नसली तरी लाकूड कापता येतं की." राउटरने (लाकडात खाच पाडायच्या यंत्राने) पल्ल्याची खाच चारही बाजूंनी ३ मिलिमीटर खोल केली. काचेभोवती ३ मिलिमीटर जागा झाली. खाली दोन रबरी ठोकळे ठेवून त्यांवर काच बसवली, भोवती रबरी पट्टी, वरून बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी बारीक पट्टी. काच कुठेही लाकडाला टेकत नाही. सात काचा वाचल्या. काम दोन दिवस लांबलं.

दुसऱ्या डब्यापासून काच मागवताना खाचेच्या मापातून ६ मिलिमीटर वजा करून मागवली.

२५ ते ३१ मार्च

शिगमो, आमचा होळीचा सण. शेड बंद. भाचा रोमटात (शिगम्याच्या मिरवणुकीत) ढोल वाजवायला गेला.

४ एप्रिल

गाडी रोज मिळत नाही, पाहुण्यांच्या फेऱ्या असतात. म्हणून शेडमध्येच हलवण्याची सोय केली. जाड प्लायवूडचा पाट, खाली चार स्प्रिंग, पाटावर खिडकीची चौकट उभी बोल्टने पक्की. पाटाखाली जुन्या शिलाई मशीनची मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड पडेल असा लोखंडी तुकडा. पायाच्या पेडलने वेग कमीजास्त करता येतो, हा शिलाईच्या मोटरचा मोठा फायदा. पंख्याच्या मोटरीने हे जमलं नसतं. खर्च १,४०० रुपये, त्यातले ९०० स्प्रिंगांचे.

पेडल हळूहळू दाबत न्यायचं. एका ठराविक वेगाला खिडकी एकदम ओरडायला लागते, त्याच्या पुढे गेलं की पुन्हा शांत होते. तो वेग धरून ठेवायचा आणि मग शोधायचं. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. आकडा अचूक नसेल, पण तोच मोबाइल त्याच जागी ठेवला तर आधी-नंतरची तुलना होते. जुनी अ‍ॅल्युमिनियमची खिडकी ८३ डेसिबल. माझा बेताचा पल्ला ६४. त्या दिवशी मला वाटलं, काम संपलं.

१९ एप्रिल

कड्या. पितळी, स्प्रिंगच्या, बाजारात मिळाल्या तशा. पल्ला वाजत नाही, काच वाजत नाही, तरी टकटक. दोन दिवस शोधत होतो. कडीची खुंटी ८ मिलिमीटरची आणि चौकटीतलं भोक साडेआठचं, तेवढ्यात टकटक. कुंडईच्या, लेथ चालवणाऱ्या टर्नरकाकांकडून खुंटीचं टोक निमुळतं करून घेतलं. आता खुंटी भोकात जितकी आत जाते तितकी स्वतःच घट्ट बसते. एका खुंटीला २५ रुपये, ४८ खुंट्या.

याच आठवड्यात आणखी एक चूक. काचेच्या कडेला सिलिकॉन भरलं, स्वस्तातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं. आठ दिवसांत जवळच्या पितळी स्क्रूवर हिरवट थर आला. ते सगळं खरवडून काढलं आणि वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं भरलं. नळीमागे फरक शंभरेक रुपयांचा, पण खरवडायला दीड दिवस गेला.

७ मे

आज लोकसभेचं मतदान, माणसं सुट्टीवर. मी एकटाच कुळागरात गेलो. पहिला डबा परत चाकांवर ठेवलेला होता. तयार चौकट लावून पाहिली तर वरचा डावा कोपरा बसेना. कर्ण मोजले. फरक ४ मिलिमीटर.

ठोकळ्यांवर डब्याला जागोजागी टेकू होता. चाकांवर तो दोनच जागी टेकतो आणि मधला भाग किंचित खाली बसतो. फेब्रुवारीतली सगळी मापं ठोकळ्यांवरच्या डब्याची होती.

९ मे

आज माणसं बसवून मोजलं. पाडेली (माड-पोफळीवर चढणारे) आणि कुळागरातली कामाची माणसं मिळून अठरा जण डब्यात बसले, मी बाहेर टेप घेऊन. भरलेल्या डब्यात मधल्या खिडक्यांचा कर्ण आणखी दीड मिलिमीटरने बदलतो. सगळे उतरले की परत येतो.

म्हणजे चौकट डब्याला घट्ट आवळली तर प्रत्येक फेरीत डबा तिला पिळणार. चौकट डब्यापेक्षा ६ मिलिमीटर लहान केली, मधे बंद छिद्रांच्या रबरी फोमची पट्टी, आणि स्क्रूंची भोकं लांबट ठेवली. स्क्रू चौकटीला जागेवर धरतो, पण डब्याबरोबर वाकवत नाही. चोवीसही खिडक्यांना नंबर दिले. प्रत्येकीचं माप वेगळं लिहिलं, तेही डबा चाकांवर असताना.

आधीच्या मापाने कापलेल्या आठ चौकटींपैकी तीन वाया. ४,२०० रुपये.

२२ मे

मालकांना पावसाची काळजी. पल्ल्याच्या बाजूने पाणी आत येऊ नये म्हणून खोबणीत रबर घालायचं ठरवलं. ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची यू आकाराची पट्टी, ६० रुपये मीटर, खोबणीच्या दोन्ही बाजूंना पूर्ण उंचीभर. आवाज ५८ वर आला.

पण पल्ला वर जाईना. पिशवी तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवून मोजलं. पल्ल्याचं वजन ४.४ किलो, उचलायला लागतात १३ किलो. शाळेच्या सहलीतल्या मुलीला हे कसं उचलवणार?

सरकावं म्हणून मशीन ऑइल लावलं. ही चूक कुणी करू नका. ईपीडीएमला तेल आणि ग्रीस चालत नाही.

६ जून

तेल लावलेलं रबर फुगलं. पंधरा दिवसांत ते लिबलिबीत झालं आणि खोबणीतून बाहेर आलं. सगळं काढून टाकलं. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे किंवा टाल्कम पावडर.

पाऊस सुरू झालाय. मे अखेरची तारीख गेली, मालकांना फोन करून सांगितलं. ते रागावले नाहीत, पण गप्प झाले. ते मला जास्त लागलं.

१३ जून

आठवडाभर धो धो पाऊस. पहिल्या डब्यात ट्रायलसाठी लावलेले तीन बेताचे पल्ले, मार्चमध्ये लोण्यासारखे सरकणारे, तिन्ही अडकले. एक तर हातोडीने ठोकूनही हलेना, चौकटीसकट काढावा लागला.

लाकडातली ओल मोजायचं यंत्र आज घेतलं, २,१०० रुपये. फेब्रुवारीतच घ्यायला हवं होतं. शेडमध्ये कोरडा ठेवलेला एक तुकडा ११ टक्के, डब्यातला पल्ला १८ टक्के. पल्ल्याची रुंदी व्हर्नियरने मोजली. दोन्ही उभ्या पट्ट्या मिळून दीड मिलिमीटर वाढ. मी ठेवली होती १ मिलिमीटर मोकळीक.

लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ वाढत नाही. वाढते ती पट्टीची रुंदी, आणि तीसुद्धा फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर. ज्या फळीच्या तोंडाला वर्तुळाच्या रेषा आडव्या, पसरट दिसतात ती जास्त फुगते. जिच्या तोंडाला रेषा उभ्या दिसतात ती निम्म्याहून कमी. माझ्या बहुतेक फळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या.

१४ जून

रात्री झोप लागेना. सगळं पुन्हा मांडून बघितलं. बेताचा ठेवला तर पावसाळ्यात अडकतो. सैल ठेवला तर उन्हाळ्यात वाजतो. रबराने भरला तर उचलत नाही.

तेव्हा कुळ्याच्या गाडीतले आजोबा आठवले. त्यांनी फट भरली नव्हती, तिथे भरपूर फट तशीच होती. त्यांनी पल्ल्याला एका बाजूने ढकलून दुसऱ्या बाजूला टेकवून ठेवलं होतं. फट असली म्हणून खिडकी वाजत नाही. त्या फटीत पल्ला मोकळा असला आणि एकदा या भिंतीवर, एकदा त्या भिंतीवर आपटला, म्हणजे वाजते. त्याला कायम एकाच बाजूला दाबून ठेवलं तर फट ४ मिलिमीटरची असली तरी चालेल. आणि फट असली तर फुगायला जागाही राहील.

१७ ते २२ जून

नवी रचना. तीन दिशा, तिन्हींचा वेगळा विचार.

डावी-उजवी: पल्ला ३ मिलिमीटरने लहान केला, आता दोन्ही बाजू मिळून ४ मिलिमीटर मोकळीक. डाव्या बाजूला खोबणीत नायलॉनची सपाट पट्टी. उजव्या बाजूला पल्ल्याच्या कडेत दोन ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या पातळ पट्टीची कमान, ०.४ मिलिमीटर जाड, १२ रुंद, मोकळी असताना ६ मिलिमीटर उंच. ती पल्ल्याला सतत डावीकडे ढकलते. लाकूड फुगलं तर कमान दबते, आटलं तर उठते.

कमान एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना घातली तर पल्ला मधे तरंगतो आणि पुन्हा थरथरतो. हे करून पाहिलं, ६६ आलं. एका बाजूला घातल्यावर ५९.

आत-बाहेर: खोबण ३० मिलिमीटर रुंद, पल्ला २२ जाड, उरले ८. बाहेरच्या अंगाला ३ मिलिमीटर नायलॉन, आतल्या अंगाला ईपीडीएमची पोकळ गोल पट्टी. ती ७ मिलिमीटरची, तिला जागा मिळते ५. म्हणजे पावपेक्षा जरा जास्त दबते. याहून जास्त दाबली तर काही महिन्यांत तशीच चपटी होऊन बसते, परत उठत नाही. मे महिन्यात मी निम्म्यावर दाबली होती.

रबर सागवानावर चिकटवताना आधी थिनरने पुसून घ्यायचं. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यावर गोंद धरत नाही. पहिल्या दिवशी न पुसता चिकटवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली लोंबत होती.

वर-खाली: पल्ल्याच्या खालच्या कडेला उतार, चौकटीच्या उंबऱ्याला तसाच उलटा उतार. पल्ला खाली आला की पाचरीसारखा स्वतःच्या वजनाने बाहेरच्या अंगाला रुतून बसतो. मधल्या उंचीला अडकवायचं तर निमुळत्या खुंट्या आहेतच.

उचलायला आता ७.५ किलो. सोडला तर धाडकन पडत नाही, हळू उतरतो. तरी लहान मुलांची बोटं डोक्यातून जाईनात. उंबऱ्यावर तवशाचा (मोठ्या काकडीचा) तुकडा ठेवून पल्ला वरून सोडला. तवसं चेपलं. म्हणून दोन्ही कोपऱ्यांत कडीच्या जरा वर रबरी अडथळा बसवला. पल्ला तिथे थांबतो, मग हाताने दाबून शेवटचा दोन बोटं भाग खाली न्यायचा. पुन्हा तवसं ठेवलं, त्यावर ओरखडासुद्धा नाही. हे काम माझ्या दृष्टीने आवाजाहून मोठं आहे.

२४ जून

सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. बाहेर पोरं विहिरीत उड्या मारतायत आणि आम्ही खिडकीवर नळी धरून पाणी मारतोय. बाजूने एक थेंब आत नाही, पण उंबऱ्यात पाणी साचतं. उतार आतल्या बाजूला पाणी धरून ठेवतो. बाहेरच्या अंगाला ८ मिलिमीटरची तीन भोकं पाडली. आधी ५ ची पाडली होती, त्यांत लाल माती बसून ती दोन दिवसांत बुजली. आपल्याकडच्या मातीला ८ च्या खाली जाऊ नका.

१० जुलै

सावंतवाडीहून माझा मावसभाऊ येणार होता, उरलेल्या पल्ल्यांचे सांधे करायला. पेडण्याच्या मालपे बोगद्यात पाणी आल्याने कोकण रेल्वेच्या गाड्या अडकल्या, त्यामुळे तो आज पोचलाच नाही. मी आणि भाच्याने दिवसभरात एकच पल्ला केला.

नव्या फळ्या या वेळी निवडून आणल्या, तोंडाला उभ्या रेषा असलेल्या. घनफुटाला ९०० रुपये जास्त पडले.

१८ ऑगस्ट

चोवीस खिडक्या बसल्या. चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला, त्याआधी मालकांच्या हातात गाडी दिली. भर पावसात, पूर्ण भरलेल्या डब्यात फेरी मारली. गाइड नेहमीच्या आवाजात बोलत होता. मी शेवटच्या बाकावर होतो आणि जायपत्रीचा रंग कसा बदलतो हे त्याने सांगितलेलं मला ऐकू आलं. एवढ्या महिन्यांत मी त्याचं एक वाक्यही पूर्ण ऐकलं नव्हतं.

खर्चाचा हिशेब: लाकूड ३४,५००, काच ५,९००, अ‍ॅल्युमिनियम २२,८००, रबर, नायलॉन आणि कमानी ११,३००, कड्या आणि टर्निंग ८,४००, बाकी किरकोळ ६,०००. एकूण ८८,९००. यातले साधारण १३,००० माझ्या चुकांचे आहेत, ते मालकांच्या बिलात धरले नाहीत. मजुरी वेगळी. वेळ साडेतीन महिने धरला होता, सहा लागले.

१२ जानेवारी २०२५

खरी परीक्षा आता होती, लाकूड आटल्यावर. ओल ११ ते १२ टक्के. चोवीसही खिडक्यांची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली. पावसाळ्यात ३ ते साडेतीन मिलिमीटरवर आलेली फट आता ४ च्या आसपास. कमानी सगळीकडे टेकलेल्या आहेत. गाडीत मोजलेला आवाज ऑगस्टमध्ये ६१ होता, आज ६२.

फक्त १७ नंबर वाजते. ती पहिल्या लाकडातल्या उरलेल्या फळीची आहे, आडव्या रेषांची. टाकून द्यायचं जिवावर आलं होतं म्हणून वापरली होती. फट ५.२ मिलिमीटर. कमान जेमतेम टेकते. कमान काढून ८ मिलिमीटर उंचीची नवी घातली, पाटावर हलवून पाहिली, ५९. उचलायला ७.८ किलो. जूनमध्ये ती फुगल्यावर हा आकडा किती वर जातो ते मोजायचं आहे. नऊच्या वर गेला तर तो पल्ला उभ्या रेषांच्या फळीतून नवा करणार. फळी कापून, नंबर घालून शेडमध्ये ठेवली आहे.